गवताच्या उंचीचा बायपॉड

शिकारीला मी जावं, हे सुनंदानं सुचवलं. सुनंदाच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे फोनवर मी तिला दोनदा विचारून घेतलं.

झालं होतं असं, की तिच्या मुलीला, अनघाला, या वर्षी एल्कचं परमिट मिळालं होतं. एल्क आपल्या सांबराच्याच कुळातला, पण अंगानं घोड्याएवढा. ॲरिझोनात त्याची शिकार करायची तर सरकारी सोडतीत नाव निघावं लागतं. अनघाचं तिसऱ्या वर्षी निघालं, तेही मादीसाठी. सात दिवसांचा हंगाम, एक परमिट, एक जनावर. आणि या खेपेला तिचे बाबा तिच्याबरोबर जाणार होते, पहिल्यांदाच. माधवराव मूळचे अमरावतीचे, तीस वर्षं अमेरिकेत, माझ्या नवऱ्याच्याच कंपनीत चिप टेस्टिंगला. पक्के शाकाहारी. अनघा फीनिक्सला जन्मली, वय सत्तावीस, मेसाच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. कॉलेजात तिची रूममेट गुरांच्या एका रँचवरची होती, तिच्याकडून ती शिकार शिकली. सुनंदाचं म्हणणं असं, की ही दोघं पाच दिवस एका तंबूत राहणार, तर मध्ये कुणीतरी बोलणारं हवं. मी बावीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेली, बोलायला आणि गप्प बसायला दोन्हीला तयार.

फोन ठेवण्याआधी तिनं खरं काय ते सांगितलं. मागच्या वर्षी अनघानं एका हरणावर गोळी झाडली होती. उभ्यानं, झाडाच्या बुंध्याला हात टेकवून. हरीण जखमी होऊन पळालं. तिनं दोन दिवस रक्ताचा माग काढला, शेवटी तोही संपला. हरीण सापडलं नाही. त्यानंतर तिनं स्वतःला दोन अटी घातल्या. रायफल दगडासारखी स्थिर असल्याशिवाय यापुढे गोळी झाडायची नाही. आणि या हंगामात ते जमलं नाही, तर रायफल विकून टाकायची.

"ती विकेल गं," सुनंदा म्हणाली. "मला बरंच वाटेल. पण ती ज्या कारणासाठी विकेल, ते मला नको आहे."

रायफल स्थिर करायची, तर बायपॉड लागतो. रायफलच्या पुढच्या भागाखाली बसवायचे दोन घडीचे पाय, इतकंच ते प्रकरण. चालताना दुमडायचे, गरज पडली की उघडून जमिनीवर टेकवायचे. अनघाला बायपॉड हवाय हे कळल्यावर माधवरावांनी ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. तीन आठवडे ऑफिसातून आल्यावर ते संगणकासमोर बसत. अकरा मॉडेलं, प्रत्येकाचं वजन, पायांची लांबी, पाय लॉक कसे होतात, किंमत. मग एका शनिवारी तिला घेऊन शूटिंग रेंजवर गेले आणि तिथल्या सिमेंटच्या जमिनीवर भाड्यानं आणलेले दोन बायपॉड लावून बघितले. सहा ते नऊ इंच पायांचा बुटका बायपॉड जिंकला. पोटावर झोपून झाडलेल्या पाच गोळ्या शंभर यार्डांवर एका नाण्याखाली मावतील अशा बसल्या. दुकानात अनघानं एक उंच पायांचा उचलून, उघडून, मिटून पाहिला होता. बाबांनी खिशातून कागद काढून दाखवला. तिनं उंच परत ठेवला. हे सगळं मला माधवरावांनीच सांगितलं, आणि अभिमान वाटावा असंच ते काम होतं.

गुरुवारी सकाळी सहाला फीनिक्सजवळचं आमचं चँडलर सोडलं. माधवरावांची जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह, मागे तंबू, तीन आइसबॉक्स, आणि सुनंदानं दिलेल्या दशम्या, लसणाची चटणी, खिचडीचं सामान. ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: सत्त्याऐंशी नंबरचा हायवे धरून पेसनला जावं, दोन तास पुरतात. सुरुवातीला दोन्ही बाजूंना हात वर केलेली निवडुंगं, मग झुडपं, आणि पेसन यायच्या आत पहिले पाइन. गाडीची काच खाली केली की हवा बदललेली कळते. पेट्रोल पेसनलाच भरून घ्या, गॅलनला तीन डॉलरच्या आतबाहेर पडलं. पुढे महाग आणि कमी. पेसनहून दोनशेसाठ नंबरचा रस्ता पूर्वेला वळतो आणि मोगोयॉन रिम नावाच्या प्रचंड कड्यावर चढतो. चढ संपल्यावर थांबायची जागा आहे, तिथे थांबाच. पायाखाली शेकडो मैल जंगल पसरलेलं दिसतं. मी सह्याद्रीच्या कड्यांवरून पुष्कळ पाहिलंय, तरी तिथून पाच मिनिटं हलले नाही.

तिथे एक म्हातारं अमेरिकन जोडपं थर्मासमधून कॉफी पीत उभं होतं. गाडीतलं शिकारीचं सामान पाहून त्या गृहस्थांनी माधवरावांना विचारलं, परमिट तुमचं का. माधवराव म्हणाले, मुलीचं, मी सामान उचलायला. बाई नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, कमीपणा न मानता असं उत्तर देता येतं."

हीबर गाव मागे टाकून आम्ही मातीच्या रस्त्यानं आत शिरलो. सरकारी जंगलात चौदा दिवसांपर्यंत फुकट राहता येतं. पाणी, संडास, कचऱ्याची पेटी यातलं काही मात्र मिळत नाही, सगळं आपलं आपण न्यायचं आणि आणायचं. समुद्रसपाटीपासून साडेसहा हजार फुटांवर ऑक्टोबरात पहाटे बादलीतलं पाणी गोठतं. माझ्याकडे चांगली स्लीपिंग बॅग नव्हती म्हणून मी पेसनला पन्नास डॉलरची घेतली, आणि पहिल्याच पहाटे ते पैसे वसूल झाले. अजून एक सांगायला हवं. अनघा इथली नागरिक, माधवरावही. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा, आणि अशा व्हिसावाल्यांना बंदुकीबाबत वेगळे नियम आहेत. मी पाच दिवसांत रायफलला बोट लावलं नाही. तुम्ही जाणार असाल तर आधी जाणकाराला विचारा.

शुक्रवार, हंगामाचा पहिला दिवस, नुसता चालण्यात गेला. पाच वर्षांपूर्वीच्या मोठ्या वणव्यात हा भाग जळाला होता. मैलोन्‌मैल काळे खांब उभे, पण त्यांच्यामध्ये ऊन पडू लागल्यामुळे गवत माजलेलं. पिवळं, दाट, गुडघ्याच्या वर. तेच खायला एल्क येतात. पडलेले ओंडके ओलांडत अनघा पुढे, तिच्यामागे मी, शेवटी माधवराव. तिघांच्याही अंगात भगवी जॅकेटं, लांबून दिसावीत म्हणून. अनघा वीस पावलं चालायची आणि दोन मिनिटं थांबायची. वारा कुठून येतोय ते बघायला खिशातल्या छोट्या डबीतून पावडर उडवायची. मी आयुष्यात इतकं सावकाश कधी चालले नव्हते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोन मैल गेलो असू, आणि मला वाटेतलं प्रत्येक झाड तोंडपाठ झालं होतं. एल्क दिसले नाहीत, पावलं दिसली.

शनिवारी संध्याकाळी ते आले. एका मोकळ्या उतारावर सहा माद्या, चरत चरत आमच्याकडे सरकत होत्या. अनघानं हातानं आम्हाला खाली बसायला सांगितलं आणि स्वतः तीस पावलं पुढे रांगत गेली. अंतर मोजायच्या दुर्बिणीतून तिनं पाहिलं. नंतर कळलं, एकशे नव्वद यार्ड. तिनं बायपॉडचे पाय उघडले आणि पोटावर झोपली. वारा आमच्या बाजूला, उजेड भरपूर. जवळची मादी आडवी उभी राहिली.

माधवरावांनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

अनघा पुन्हा उठून बसली. रायफल गुडघ्यावर टेकवली. नळीचं टोक हलताना मला लांबूनही दिसत होतं. ती पुन्हा झोपली, पाय नऊ इंचांवर ओढून घेतले, पुन्हा उठली. आजूबाजूला टेकायला ओंडका नव्हता. पाठीवरची सॅक पुढे ठेवून बघितली, तीही गवतात बुडाली. हे सगळं दोनेक मिनिटं चाललं असेल. जनावरं चरत चरत काळ्या खांबांमध्ये शिरली आणि दिसेनाशी झाली. अनघानं बोल्ट मागे ओढला, काडतूस काढून खिशात ठेवलं आणि आमच्याकडे चालत आली.

माधवरावांनी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, अँगल बरोबर नव्हता. तंबूपर्यंत ती याच विषयावर बोलत होती, एल्क कसे वळले, खांदा कसा दिसत नव्हता. मी त्या आडव्या उभ्या मादीचा खांदा माझ्या साध्या डोळ्यांनी पाहिला होता. माझ्या शेजारी माधवरावांच्या हातात दुर्बीण होती. त्यांनी तर जास्तच पाहिलं असणार.

रविवारी सकाळी पुन्हा काही दिसलं नाही. दहा वाजता परत येताना माधवराव वाट सोडून कालच्या उतारावर गेले. अनघा झोपली होती तिथलं गवत अजून दबलेलं होतं. तिथे ते पोटावर आडवे झाले. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, गुडघेदुखीचा, दोन्ही कोपरं टेकून समोर बघत राहिला. उठले तेव्हा मिशीत गवताचं कुसळ अडकलेलं होतं.

"अनघा, काल इथून तुला काय दिसत होतं?"

तिनं त्या दबलेल्या जागेकडे पाहिलं. मग म्हणाली, "गवत."

"मग अँगलचं का सांगितलंस?"

"बाबा, लेट इट गो ना."

"दुकानात तू तो उंच उचलला होतास."

"हो."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"कारण तू तीन आठवडे त्यावर काम केलं होतंस." तिचा आवाज जरा चढला. "माझ्या हंटिंगबद्दल तू कधी काही विचारलं नाहीस, बाबा. नेव्हर. पहिल्यांदा म्हणालास, तुला काय लागतं ते सांग, मी शोधतो. मी नको कसं म्हणू?"

मी ओंडक्यावर बसून बुटाची नाडी बांधत राहिले. माधवराव चिडतील असं मला वाटलं होतं, कारण ऑफिसात ते चिडतात अशी ख्याती आहे. ते त्या दबलेल्या गवताकडे बघत होते.

"प्रॉडक्ट चांगलं आहे," ते शेवटी म्हणाले. "टेस्ट कंडिशन चुकली. सिमेंटवर गवत नसतं." आणि लगेच, "रायफल रिकामी आहे ना? उघडून दाखव. आता बस. तू खरोखर जशी बसशील तशी."

गाडीच्या टूलबॉक्समधली टेप त्यांनी आणली होती, म्हणजे हे सगळं त्यांनी रात्रीच ठरवलं असावं. अनघा दोन्ही कोपरं गुडघ्यांवर ठेवून बसली, रिकामी रायफल खांद्याला लावली, आणि त्यांनी जमिनीपासून रायफलच्या पुढच्या भागापर्यंत माप घेतलं. मग तिला उठवून उतारावर खाली तोंड करून बसवलं. मग वर तोंड करून. मग आडव्या उतारावर, जिथे तिचा एक पाय वर आणि एक खाली राहत होता. शेवटी एका ओंडक्यामागे गुडघ्यावर. पाच जागा, पाच मापं. चौदा इंचांपासून चोवीसपर्यंत आकडे आले. आडव्या उतारावर दोन पायांसाठी दोन वेगळी मापं, तीही लिहिली. सुरुवातीला अनघा तोंड पाडून बसत होती. चौथ्या जागेपर्यंत ती स्वतःच सांगू लागली, इथे नाही बाबा, माणूस इथे बसणारच नाही, थोडं डावीकडे घे.

शो लो गाव तिथून तासाभरावर. अनघानं दुपारी विश्रांती घ्यावी म्हणून तिला तंबूत ठेवून आम्ही दोघं गेलो. हमरस्त्यावरच्या एका छोट्या हॉटेलात आधी जेवलो. शाकाहारी म्हणून मिळालं ग्रिल्ड चीज सँडविच आणि आत सफरचंद भरून भाजलेला गोड ॲपल पाय, दोघांचे मिळून पंधरा डॉलर, आणि तो असा चवदार की माधवरावांनी अजून एक मागवला. तो खाताना ते म्हणाले, "वहिनी, त्या हरणाच्या वेळी ती दोन दिवस घरी आली नाही. मी फोनवर तिला म्हटलं होतं, कशाला असले उद्योग करायचे. तेवढंच म्हटलं होतं मी."

बंदुकीचं दुकान एक साठीतल्या बाई चालवत होत्या. चष्मा कपाळावर, मागे रेडिओवर फुटबॉलची मॅच. माधवरावांनी त्यांच्यासमोर मापांचा कागद ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, इथे येणारे विचारतात सगळ्यात हलका कुठला किंवा सगळ्यात महाग कुठला. बसून मोजून आलेला माणूस मी पहिल्यांदा बघतेय. माधवरावांनी खरं ते सांगितलं, की आधी झोपून मोजला होता.

पुढचा अर्धा तास मी वही काढून लिहून घेतलं, कारण बायपॉड निवडणाऱ्या कुणालाही ते उपयोगी आहे. जंगलात जाणार असाल, तर आधी गवत किती उंच ते बघा आणि मग पाय किती लांब ते ठरवा. लांब पाय थोडे कमी स्थिर असतात, वजनालाही जास्त. पण जिथून जनावरच दिसत नाही, तिथल्या स्थिरपणाला काही अर्थ नाही. पाय एकेक इंचानं खाचेत बसणारे असले तर उतारावर एक लांब आणि एक आखूड पटकन करता येतो. वरचा सांधा दोन्ही बाजूंना थोडा झुकणारा हवा, नाहीतर आडव्या उतारावर रायफल कलंडते. पाय उघडताना स्प्रिंगचा खट्‌ आवाज होतो का ते दुकानातच ऐका. हाताच्या आधारानं हळू उघडायची सवय करा. नुसत्या खडकावर टेकवू नका, गोळी सुटताना रायफल उडते. आणि आमचा बुटका? बाई म्हणाल्या, फेकू नका, सपाट वाळवंटात झोपून मारायला त्याच्यासारखा नाही.

तेरापासून सत्तावीस इंचांपर्यंत वाढणारा बायपॉड त्यांनी काढला. शंभर डॉलरच्या थोडा वर. माधवरावांनी पैसे देण्याआधी दुकानाच्या फरशीवर बसून तो पाचही मापांना लावून पाहिला. दोन गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून गेली. बाईंनी निघताना बजावलं, बायपॉड बदलला की गोळीही जागा बदलते, कागदावर तपासल्याशिवाय जनावरावर जाऊ नका.

म्हणून परत आल्यावर अनघाला घेऊन जुन्या मुरुमाच्या खाणीत गेलो, आमच्या तंबूपासून दहा मैल लांब, मागे मातीची उंच भिंत. शंभर यार्डांवर कागद लावला. बसून मारताना रायफलच्या दस्त्याखाली आधार हवा होता. अनघानं आइसबॉक्समधून खिचडीच्या तांदळाची पिशवी काढली आणि मांडीवर ठेवली. तीन गोळ्या, तिन्ही एकमेकींना चिकटून, पण दीड इंच वर. तिनं रायफलवरच्या दुर्बिणीचा स्क्रू फिरवला, पुन्हा तीन. या वेळी मधोमध. तिनं मागे वळून बाबांकडे पाहिलं. माधवराव हातातल्या दुर्बिणीतून कागदाकडे बघत होते आणि बोटांवर गोळ्या मोजत होते.

सोमवारी दिवसभर धुकं. वीस पावलांवरचं झाड दिसेना. तंबूत बसून खिचडी खाल्ली, पत्ते खेळलो, आणि अनघा प्रत्येक डावात आम्हाला दोघांना हरवत राहिली. पण मधूनमधून ती बाहेर जाऊन आकाश बघून येत होती. मंगळवारी दुपारी निघायचं होतं. बुधवारी सकाळी तिचे पेशंट, माधवरावांची मीटिंग. उरली होती एक सकाळ.

मंगळवारी उजाडताना आकाश स्वच्छ होतं, गवतावर पांढरं दंव. या वेळी अनघानं सांगितलं, बाबा, तू माझ्या शेजारी बस, अंतर तू वाच. मी त्यांच्या मागे ओंडक्याला टेकून बसले. सूर्य वर आल्यावर खालच्या ओढ्यातून माद्यांचा कळप चढू लागला. आठ-नऊ असतील. अनघा बसली होती ती जागा आडव्या उताराची. तिनं एक पाय लांब केला, एक आखूड, आवाज न करता. रायफल समोर स्थिर झाली. मी नळीच्या टोकाकडे बघत होते, ते हललं नाही.

"दोनशे दहा," माधवराव पुटपुटले.

गोळी झाडली नाही. पुढच्या मादीच्या बरोबर मागे दुसरी उभी होती. गोळी आरपार गेली तर तिलाही लागली असती. अनघा थांबली. मागची हलली, तर पुढची वळून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. अनघा थांबली. माझ्या पायाला मुंग्या आल्या. कळप हळूहळू झाडांकडे सरकत होता आणि मला शनिवार दिसू लागला. वर्तमानपत्रात असताना रात्री साडेअकराला पान छपाईला सोडावंच लागायचं, बातमी पक्की असो वा नसो. या मुलीच्या मानेवर पाच दिवसांतली शेवटची सकाळ बसली होती, आणि तिचं बोट ट्रिगरच्या बाहेर सरळ होतं.

"एकशे पंच्याण्णव. ती डावीकडची एकटी आहे, अनू."

डावीकडची मादी आडवी झाली, मागे मातीचा चढ. अनघानं श्वास सोडला. आवाज झाला, ओढ्यापलीकडून परत आला. कळप उधळला. ती मादी सात-आठ पावलं चालली आणि बसल्यासारखी खाली गेली.

अनघानं दुसरं काडतूस आत घेतलं आणि रायफल तशीच रोखून धरली. पूर्ण दहा मिनिटं. माधवरावांची दुर्बीण डोळ्यांवरून खाली आली नाही. मग ती म्हणाली, चला.

जवळ गेल्यावर तिनं लांब काठीनं मादीच्या डोळ्याला हलकेच स्पर्श केला, पापणी हलली नाही. तेव्हा रायफल रिकामी करून बाजूला ठेवली आणि ती गुडघ्यांवर बसली, तिच्या मानेवर हात ठेवून. माधवरावांनी टोपी काढून हात जोडले. काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मग मुलीला विचारलं, हिला किती वेळ दुखलं असेल.

"दोन-तीन सेकंद," अनघा म्हणाली. ती रडत होती, पण आवाज नीट होता. तिनं परमिटचा कागद मादीच्या पायाला बांधला, सॅकमधून सुरी आणि कापडी पिशव्या काढल्या. "बाबा, आता तू काकूंबरोबर तिकडे सावलीत थांब. हे तुला बघवणार नाही."

माधवराव बाह्या वर करत होते. "पाय कुठला धरू?" त्यांनी विचारलं.

पुढचं काम तीन तासांचं होतं. अनघाचा हात सफाईदार. कुठे काय कापायचं ते ती बाबांना फिजिओच्या भाषेत सांगत होती, हा सांधा आपल्या खांद्यासारखा, इथे फक्त स्नायू आहे. ते पांढरेफटक पडले होते आणि प्रश्न विचारत होते. मांस पिशव्यांत भरून गाडीपर्यंत पाऊण मैल. जड मागचे पाय अनघानं, पुढचे माधवरावांनी, मी पाठीच्या मांसाच्या पट्ट्या आणि रायफलखेरीज बाकीचं सामान. दोघांच्या तीन-तीन फेऱ्या झाल्या. हा हिशोब घरून निघतानाच करा; जनावर पडलेलं ठिकाण आणि गाडी यांच्यातलं अंतर पाठीला कळतं. आइसबॉक्स तीन नेले होते, पाच हवे होते. हीबरला अजून दोन आणि बर्फाच्या आठ पिशव्या घेतल्या.

आता या सहलीला तीन आठवडे झाले. अमेरिकेतल्याच आयसेलिन गावाहून माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, तुला वाईट नाही वाटलं का. वाटलं. त्या डोळ्यांकडे बघताना वाटलं, आणि मी मटण खाणारी आहे, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा वाटलं हे जास्त वाईट वाटलं. पण अनघाबद्दल आणि तिच्या वडलांबद्दल मनात जो आदर आहे, तो त्यानं कमी झाला नाही. तुम्हाला शिकार करायची नसेल तरी ऑक्टोबरात रिमवर जा. तीन जणांचा पाच दिवसांचा खर्च, परमिट आणि बायपॉड सोडून, तीनशे डॉलरच्या आत बसला. सोनेरी पानांची ॲस्पेनची झाडं आणि सकाळची एल्कची साद यांचे पैसे पडत नाहीत.

मंगळवारी संध्याकाळी आम्ही चँडलरला पोचलो तेव्हा सुनंदा दारात उभी होती. तिघांचे कपडे, नखं, बूट तिनं पाहून घेतले आणि गॅरेजकडे बोट दाखवलं. तिथे तिनं एक जुना फ्रीझर कुणाकडून तरी आणून लावून ठेवला होता. पिशव्या आत ठेवून झाल्यावर तिनं अनघाला विचारलं, रायफलचं काय करणार.

"ठेवते, आई. पण दर वर्षी नाही जाणार."

सुनंदानं मान हलवली. अनघा हात धुवायला आत गेली. माधवराव फ्रीझरला टेकून उभे होते, दमलेले, शर्टाच्या बाहीवर वाळलेला डाग. सुनंदानं आवाज बारीक केला.

"या वेळी जनावर लगेच गेलं ना?"

"हो," ते म्हणाले. "मी तिच्या शेजारीच होतो."